१ मे: मुलांचा कार्यक्रम (सोसायटी ग्रुप, लोअर परळ)

सेक्रेटरी: १ मेला झेंडावंदनानंतर मुलांची वेशभूषा स्पर्धा आहे. नावं ए-२०३ कडे द्यावीत.

बी-११०४, आर्याची आई: वेशभूषा दरवर्षीच असते. यंदा दुसरी-चौथीच्या मुलांना आपल्याच जागेचा इतिहास शोधायला लावूया का? माझ्या लेकीला शिवछत्रपतींचे किल्ले पाठ आहेत, पण इथे आधी चाळ होती हे माहीत नाही. ए विंगमधल्या जुन्या चाळकऱ्यांनो, जुने कागद आहेत का? रेशनकार्ड, गिरणीचा पास, फोटो, काहीही चालेल.

ए-४०२, आजोबा: बदली कार्ड आहे माझं. पगाराच्या चिठ्ठ्याही आहेत, गिरणीच्या त्रासन खात्यातल्या, म्हणजे सूत कातायच्या.

बी-९०१: बदली म्हणजे ट्रान्सफर?

ए-४०२, आजोबा: नाही हो. कायम कामगाराचा खाडा पडला की त्याच्या जागी बदलीवाला. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. नंबर लागला तर काम, नाहीतर घरी.

आर्याची आई: आजोबा, मुलांना हे आधीच सांगू नका हं! चिठ्ठ्या नुसत्या समोर ठेवा. एका महिन्यात १७ दिवसांचा पगार, दुसऱ्यात ९ दिवसांचा, असं दिसलं की तीच विचारतील.

बी-९०१: माझ्याकडे लोकलचे जुने पास आहेत, काही ‘एल्फिन्स्टन रोड’ लिहिलेले, काही ‘प्रभादेवी’. स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं जुलै २०१८ मध्ये. तारखा झाकून देतो, आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला ते मुलांनी ओळखायचं.

सी-७०२: हे छान. पण गिरण्यांचा संप, उपासमार वगैरे नको. लहान आहेत.

ए-१०५: वगळणार कसा? फिनिक्स मॉलमध्ये गिरणीची चिमणी का, हे माझा नातू आत्ताच विचारतो. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आमचे सासरे शेवटपर्यंत कामावर गेले नाहीत.

ए-४०२, आजोबा: मी गेलो होतो. घरात तीन पोरं होती.

ए-१०५: माहीत आहे, काका. त्यावरून चाळीत काय काय झालं तेही माहीत आहे. आता तुम्ही तुमचं सांगा, सासूबाई त्यांचं सांगतील.

आर्याची आई: दोन्ही हवंच. एकाच चाळीतली दोन घरं वेगवेगळं सांगतात, हे चौथीच्या मुलाला नीट कळतं. कोण बरोबर ते आपण ठरवून द्यायचं नाही.

सी-७०२: बरं. पण भाषणं नकोत. फार तर दहा मिनिटं.

ए-२०३: कागद लॅमिनेट करून आणू?

आर्याची आई: अजिबात नको! चिकटपट्टीसुद्धा नको, जुना कागद कायमचा खराब होतो. रंगीत झेरॉक्स काढू, मूळ कागद ज्याच्या त्याच्या घरी. रेशनकार्डावरची नावं-नंबर झाकून.

सेक्रेटरी: ठीक. वेशभूषा फक्त बालवाडीपुरती. झेरॉक्सचा खर्च कल्चरल फंडातून, बिल जपून ठेवा. आजोबांसाठी खुर्ची आणि माईक सांगितला आहे.

ए-४०२, आजोबा: माईक कशाला? गिरणीतल्या साच्यांच्या आवाजात बोललेला माणूस आहे मी.