ओरिसन स्वेट मार्डन : आधी लेखक की आधी संपादक?

प्रश्न : यशाविषयी लिहिणारे अमेरिकन लेखक मार्डन यांच्या छोट्या चरित्रांत कुठे ते यशस्वी हॉटेलचालक म्हणून भेटतात, तर कुठे सर्वस्व गमावलेले गृहस्थ म्हणून. यशाचा उपदेश करण्याचा अधिकार त्यांना नेमका कशामुळे आला आणि त्यांच्या संपादनकार्याला किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : दोन्ही वर्णने खरी आहेत, काळ तेवढा वेगळा. अमेरिकेतील न्यू हॅम्पशरमध्ये जन्मलेला हा मुलगा बालपणीच आईवडिलांना पारखा झाला आणि परक्यांच्या घरी राबत वाढला. तेथे एका माळ्यावर सॅम्युएल स्माइल्स यांचे स्वावलंबनावरचे १८५९ सालचे पुस्तक 'सेल्फ हेल्प' त्याच्या हाती लागले आणि आपणही अमेरिकेसाठी असेच पुस्तक लिहावे, ही इच्छा मनात रुजली. पुढे हॉटेलांत कामे करत त्यांनी शिक्षण पुरे केले, वैद्यकाची आणि कायद्याची अशा दोन्ही पदव्या मिळवल्या आणि अखेर हॉटेल व्यवसायातच शिरले. (दोन पदव्यांचे पुढे काय झाले, असा प्रश्न मनात येतोच.) त्या व्यवसायात त्यांनी पैसा मिळवला आणि गमावलाही. नेब्रास्कातील हॉटेल जळाले तेव्हा अनेक वर्षांचे हस्तलिखितही त्यात गेले. ते त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून लिहिले आणि १८९४ मध्ये 'पुशिंग टू द फ्रंट' प्रसिद्ध झाले. अधिकार आला असेल तर तो या पुनर्लेखनातून, असे मला वाटते.

उत्तर २ : माझ्या मते त्यांच्यातला संपादक अधिक मोठा. १८९७ मध्ये प्रकाशक लुई क्लॉप्श यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी 'सक्सेस' मासिक सुरू केले. थिओडोर ड्रायझर यांच्यासारखा तरुण लेखक त्यासाठी नामवंतांच्या मुलाखती घेत असे. पुढे मासिकाने राजकीय आणि आर्थिक गैरव्यवहारांवरही लिहिले, मात्र १९११ मध्ये ते बंद पडले. १९१८ मध्ये मार्डन यांनी त्याच नावाने नवे मासिक काढले आणि १९२४ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते त्यात गुंतलेले होते.

उत्तर ३ : ही विभागणी मला फारशी पटत नाही, कारण त्यांचे निबंधही संपादकाच्याच हातचे आहेत : एक छोटे सूत्र घ्यायचे आणि थोरांच्या आयुष्यातील प्रसंग त्याभोवती गुंफत जायचे. सलग वाचताना ही पद्धत कंटाळा आणते. मासिकात महिन्याला एकच निबंध वाचणाऱ्याला मात्र ती जाचली नसावी.