मदत हवी आहे : शाळेतली लोहाची गोळी मुलीला सोसत नाही

मुलगी ११ वर्षांची, सहावीत. खानापूर (जि. बेळगाव) तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत जाते. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. गेल्या महिन्यात युनिफॉर्म धुताना खिशात अर्धी विरघळलेली गोळी सापडली, खिसाभर निळा डाग. विचारलं तर रडायलाच लागली. गोळी घेतली की मळमळतं, वर्गात उलटी होईल म्हणून भीती वाटते.

हिमोग्लोबिन ९.८ आलंय. दुपारनंतर डोळे मिटतात, गणिताच्या तासाला लक्ष लागत नाही, असं बाई सांगतात. म्हणून गोळी बंद करायची नाहीये. जंताची गोळी दिली आहे. चहा बंद केला, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू असतंच. आम्ही अंडी खात नाही, शाळेत ती अंड्याऐवजी केळं घेते. सकाळी शाळेतलं दूध आणि नाचणीचं माल्ट आवडीने पिते, त्याची तक्रार नाही. महागडी टॉनिकं परवडणारी नाहीत.

गोळी रात्री जेवणानंतर घरी देऊ का, असं विचारलं. बाई चांगल्या आहेत, पण गोळी समोरच गिळायला लावायची असा नियम आहे, म्हणाल्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात भेटणार आहे.

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कुणाच्या शाळेने गोळी घरी द्यायला परवानगी दिली आहे का? डॉक्टरांची चिठ्ठी लागली, की एसडीएमसीकडे (शाळेच्या देखरेख समितीकडे) अर्ज करावा लागला? आणि शाळेच्या वहीत नोंद कशी केली?