पायाला मुंग्या, जीभ लाल... बी-१२ कमी असेल का?

केतकी_नाशिक: आई ६३ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी चालूच असतात आणि दूध पचत नाही म्हणून तेही बंद केलंय, चहासुद्धा कोरा. हल्ली तळपायाला सतत मुंग्या येतात, चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही आणि जीभ लालबुंद, गुळगुळीत झालीय, साध्या आमटीचं तिखटही झोंबतं. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू आहे. घरचे म्हणतात शुगर आणि वय. हिमोग्लोबिन ११.२ आहे, म्हणजे ठीक ना? केमिस्टने लोह आणि फॉलिक ॲसिडचं टॉनिक दिलंय, चालू करू?

सीमा_पुणे: ताई, टॉनिक आत्ता नको!! बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक दिलं की रक्ताचा रिपोर्ट सुधारतो पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. शुगरनेही मुंग्या येतात हे खरं, पण जीभ अशी होत नाही. त्यात मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी शोषलं जातं, ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

राजेश_ठाणे: बायकांचं हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे कमीच की. आणि हिमोग्लोबिनवर विसंबू नका, ते ठीक असतानाही नसांना त्रास होतो. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १००च्या वर गेलं तर संशय घ्यायचा, पण लोहही कमी असेल तर ते नॉर्मल दिसतं. आपल्याकडे हे दुर्मिळ नाही हो, पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांमध्येही पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांच्या टीमला बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर सापडली होती.

केतकी_नाशिक: बापरे. मग मोड आलेली मटकी, स्पिरुलिना वगैरे वाढवू का?

सीमा_पुणे: मटकी खाऊ दे, पण बी-१२ त्यात नाही, आणि स्पिरुलिनातलं शरीराला उपयोगी पडत नाही. दही-ताक पचत असेल तर जरूर द्या, पण एवढी लक्षणं असताना त्याने भागणार नाही, इंजेक्शन की गोळ्या ते डॉक्टर ठरवतील. आधी बी-१२च्या तपासणीसाठी रक्त द्या, कारण गोळी सुरू केली की आकडा वर जातो आणि मूळ किती कमी होतं ते कळत नाही. बी-१२ २०० (पिकोग्रॅम/मिली)च्या खाली आला तर कमीच, थोडा वर आला तर होमोसिस्टीनची तपासणी (बी-१२ कमी पडलं की रक्तात ते वाढतं) करायची का विचारा. पण चप्पल निसटलेली कळत नाही म्हणताय ना, त्यामुळे याच आठवड्यात दाखवा, नसांचं दुखणं लांबलं की पूर्ण भरून येईलच असं नाही.