राजम्याला चवळीचा भुंगा का लागत नाही

राखेमुळेच कडधान्य टिकतं, दाण्याला स्वतःचं काही संरक्षण नसतं, असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. राख आम्हीही घालतो, फरक पडतोच. पण गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या घरी चवळी आणि राजमा एकाच फळीवर उघडे राहिले. चवळीवर आधी पांढरे ठिपके, म्हणजे भुंग्याची अंडी, मग दाभणानं पाडल्यासारखी गोल भोकं आणि तळाशी भुगा. राजम्यावरही ठिपके होते, भोक एकही नाही!

राजम्यातलं एक प्रथिन अळीच्या पोटातल्या अमायलेजला, म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला), घट्ट धरून बसतं, त्यामुळे स्टार्च पचत नाही आणि अळी भरल्या दाण्यात उपाशी मरते. चवळीतही ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर रोखणारं प्रथिन आहे, पण हा भुंगा प्रथिनं पचवायला मुख्यतः दुसरीच विकरं वापरतो.