नवा कॉम्प्युटर : प्रिंटरचं पोर्ट नाही, ऑर्डर देऊ की नको?

खजिनदार :
मराठी मंडळाच्या नव्या कॉम्प्युटरसाठी सिल्व्हर मॉलमधल्या दुकानाचं कोटेशन आलं. आय-थ्री 12100 प्रोसेसर, एच-610 मदरबोर्ड, 8 जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क. बजेटात बसतंय. पण मागे आपल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला लागणारं 25 पिनांचं पॅरलल पोर्ट नाही. दुकानदार म्हणतो, "भिया, अब ये कौन लगाता है?" आपण लावतो! वर्गणीची पावती पांढरी-गुलाबी-पिवळी अशी तिहेरी निघते. डॉट मॅट्रिक्स पिना आपटून छापतो, लेझर प्रिंटरचा दाब पडत नाही, खालच्या प्रती कोऱ्या राहतात. रविवारी पैसे भरायचे आहेत, लवकर सांगा.

ग्रंथपाल :
जुना प्रिंटर यूएसबीला जोडायची केबल मिळते ना. वाचनालयाचा मॉनिटर व्हीजीएचा, म्हणजे जुन्या 15 पिनांच्या जोडणीचा आहे आणि तो बदलायचा नाही, हे मागच्या सभेत ठरलंय. बोर्डाला व्हीजीए आहे का तेवढं बघा. गोल पिनेचा कीबोर्डही चांगला चालतो, मात्र मशीन चालू असताना काढू-घालू नका. गेल्या दिवाळीत कुणी काढला होता ते मला माहीत आहे.

माजी कार्यवाह (हल्ली न्यू जर्सी) :
पोर्टसाठी रडता, आम्ही तर देवनागरीसाठी अख्खं कार्ड बसवलं होतं. सरकारी संस्था सी-डॅकचं जिस्ट कार्ड, बोर्डावरच्या आयसा नावाच्या जुन्या खाचेत (स्लॉटमध्ये) दाबून बसवायचं. पडद्यावर पहिल्यांदा 'श्री' उमटली तेव्हा कार्यालयात पेढे वाटले होते. पुढे बोर्डांवरून आयसा स्लॉटच गेले आणि कार्ड कपाटात पडलं. त्या दिवसापासून मराठी मंडळाच्या पावतीवर नावं रोमनमध्ये येताहेत. यावर बोला.

युवा शाखा :
काका, रोमनचं नंतर. केबलने काम अर्धंच होईल. तिचं प्रिंटरकडचं टोक 36 पिनांचं, दोन्ही बाजूंनी तारेच्या कड्यांनी धरणारं असेल तर प्रिंटर जोडला जाईल. पण विंडोज त्याला यूएसबी 001 म्हणते, एलपीटी 1 (जुन्या प्रिंटर पोर्टचं नाव) नाही, आणि पावतीचा प्रोग्रॅम थेट एलपीटी 1 वर लिहितो. शिवाय तो विंडोजच्या आधीच्या डॉसचा, 16 बिटांचा. विंडोज 11 फक्त 64 बिटांत येते, तिच्यावर तो उघडणारच नाही. खजिनदारकाका, नव्या बोर्डाला दहा पोर्टं असली तरी प्रोग्रॅम तिथेच अडणार!

माजी कार्यवाह :
तो प्रोग्रॅम मी लिहिलाय. इतकी वर्षं एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. बदलायचा असेल तर आधी मला विचारायचं होतं.

ग्रंथपाल :
एका पैशाचं म्हणाल तर 51 रुपयांची एक पावती दोनदा निघाली होती. असो.

युवा शाखा :
बदलायचा नाहीये, काका. व्हीडॉस नावाचं साधन आहे. तुमचा प्रोग्रॅम त्यात जसाच्या तसा उघडतो आणि त्याची छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येते. काल माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिला, तुमचा तो निळा मेनू दिसला. केबल नको असेल तर प्रिंटरचं पोर्ट देणारं पॅरलल कार्ड घेऊ, बोर्डावरच्या पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं. मात्र कपाटातलं जुनं पीसीआय कार्ड आणू नका, स्लॉट वेगळा आहे. देवनागरी पावती नव्याने करता येईल, पण डॉट मॅट्रिक्सवर ती चित्रासारखी छापावी लागते. गणपतीत दारात रांग असताना तो किर्रकिर्र आवाज ऐकत बसावं लागेल.

सांस्कृतिक विभाग :
पोर्टांचा विषय निघालाच आहे तर फायरवायरचंही कार्ड बघा, कॅमेऱ्याच्या टेपवरचं चित्रण त्यातून कॉम्प्युटरवर उतरतं. जुन्या गणेशोत्सवांच्या मिनी-डीव्ही टेप पडून आहेत. आमच्या कॅमेऱ्याच्या यूएसबीतून नुसते फोटो येतात, टेपवरचं चित्रण येत नाही.

खजिनदार :
टेपचं पुढच्या बजेटात. बोर्डाला व्हीजीए आहे, ग्रंथपालसाहेब निश्चिंत राहा. एक्सप्रेसचा छोटा स्लॉटही आहे, तेव्हा कार्डच घेतो. माजी कार्यवाहांची हरकत नाही असं धरतो, ते तिकडे झोपलेले असतील. जुनं मशीन कुणीही भंगारात देऊ नका, त्यातल्या जुन्या जोडणीच्या (आयडीई) डिस्कवर सभासदांची यादी आहे. आणि प्रिंटरची नवी रिबन कोण घेऊन गेलं?

ग्रंथपाल :
वाचनालयात आहे. पोहोच देऊन न्या.