मदत हवी आहे: साडेतीन महिन्यांत सोडलेल्या नोकरीबद्दल मुलाखतीत काय सांगू?

नमस्कार मंडळी. अकाउंट्समध्ये आहे. एका ठिकाणी पाच वर्षं काढून मागच्या वर्षी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागले आणि साडेतीन महिन्यांत सोडली. मालक सगळ्यांसमोर ओरडायचे. एकदा व्हाउचरची फाइल टेबलावर अशी आपटली की टाचण्या उडाल्या. त्यातून जीएसटीची बिलं मागच्या तारखेची करायला सांगू लागले. ते मला जमणारं नव्हतं.

राजीनामा ईमेलने दिला, प्रत आहे. रिलिव्हिंग लेटर (कंपनीने नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) दोनदा मागितलं, उत्तर नाही. पीएफ कापला जायचा, त्यामुळे यूएएनच्या (पीएफ खात्याच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्टरीत ती कंपनी दिसतेच. नोकरी सोडल्याची तारीख त्यांनी भरली नाही, म्हणून दोन महिने थांबून ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर मीच भरली.

आधी दोन मुलाखती झाल्या. पहिलीत ही नोकरी लपवली, पूर्णवेळ जीव धाकधुकीत. दुसरीत खरं सांगितलं, पण सांगता सांगता आवाज चढला आणि समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. तिथेच कळलं.

आता शुक्रवारी इथे नागपुरातच, मिहानमधल्या एका कंपनीत मुलाखत आहे. तिथे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी) होतं, त्यामुळे लपवायचं नाही हे पक्कं. नोकरी नागपुरातच हवी. पाच वर्षांच्या कंपनीतले साहेब रेफरन्स द्यायला तयार आहेत.

एचआरमधल्यांनी कृपया सांगा: "इतक्या लवकर का सोडली?" याला दोन वाक्यांत काय उत्तर द्यावं, आणि त्यात बिलांचा विषय काढावा का? रिलिव्हिंग लेटरऐवजी राजीनाम्याचा ईमेल आणि सॅलरी स्लिप चालेल का?