'प्राव्दा' आणि 'इस्तिना' : दोन्हींना 'सत्य' म्हणावे का?

मूळ प्रश्न

लिओ टॉलस्टॉय यांची १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक छोटी कथा मी आमच्या वाचनगटासाठी मराठीत आणत आहे. तिचे शीर्षक एका रशियन म्हणीचे आहे : देवाला 'प्राव्दा' दिसते, पण तो ती लवकर सांगत नाही. इंग्रजी अनुवादात येथे 'ट्रुथ' आहे, म्हणून पहिल्या खर्ड्यात मीही 'सत्य' लिहून टाकले. नंतर कोश चाळताना लक्षात आले, की रशियनमध्ये सत्यासाठी 'इस्तिना' असा आणखी एक शब्द आहे. या दोहोंत नेमका फरक काय, आणि शीर्षकात 'सत्य' चालेल का?

प्रतिसाद १

'प्राव्दा'चे मूळ 'सरळ, उजवा, योग्य' या अर्थाच्या विशेषणात आहे. तिचा जुना विरुद्धार्थी शब्द 'क्रीव्दा', म्हणजे वाकडेपणा. लोककथांत या दोघी एकमेकींशी वाद घालतानाही भेटतात. हक्क किंवा कायदा या अर्थाचा 'प्रावो', न्याय या अर्थाचा 'स्प्रावेद्लिवोस्त' आणि 'निर्दोष ठरवणे' या अर्थाचे क्रियापद ही सगळी याच मुळाची पिलावळ आहे. अकराव्या शतकात कीव्हच्या राज्यात जी कायद्याची संहिता सिद्ध होऊ लागली, तिचे नाव 'रूस्काया प्राव्दा'. तिच्यात तत्त्वचिंतन नाही. कोणाच्या दाढीला किंवा मिशीला इजा केली तर १२ ग्रिव्ना (तेव्हाचे चलन) दंड, अशी रोकडी कलमे आहेत. तेथे 'रशियन सत्य' असे भाषांतर केल्यास वाचक बुचकळ्यात पडेल. पुढे १८२५ च्या डिसेंबरातील उठावाचे एक नेते पेस्तेल यांनी आपल्या राज्यघटनेच्या मसुद्यालाही हेच नाव दिले, कारण त्यांना न्याय्य राज्यव्यवस्था अभिप्रेत होती.

'इस्तिना' मात्र ज्ञानाच्या प्रांतातली आहे. व्लादिमीर दाल यांच्या एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध कोशात इस्तिनेचा संबंध बुद्धीशी जोडलेला आहे, तर प्राव्दा म्हणजे प्रत्यक्ष कृतीत उतरलेली इस्तिना, असे म्हटले आहे. माझ्या मते शीर्षकात 'न्याय' हा शब्द अधिक योग्य ठरेल.

प्रतिसाद २

फरक नीट मांडला आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. मूळ वाक्यात देव प्राव्दा 'सांगत' नाही. न्याय देतात किंवा करतात, सांगत नाहीत. तेव्हा मराठीचे व्याकरणच 'न्याय' या शब्दाला तेथे टिकू देत नाही.

कथाही पाहावी. व्लादिमीर शहरातील व्यापारी अक्स्योनोव जत्रेला निघतो आणि वाटेत एका सरायीत दुसऱ्या व्यापाऱ्याच्या शेजारच्या खोलीत मुक्काम करतो. तो व्यापारी मारला जातो आणि रक्ताळलेला सुरा अक्स्योनोवच्या पिशवीत सापडतो. तुरुंगात भेटायला आलेली बायकोही जेव्हा "खरे सांगा, तुम्हीच केलेत ना?" अशा अर्थाचे विचारते, तेव्हा तो मनाशी म्हणतो, की देवावाचून कोणालाच प्राव्दा कळणे शक्य नाही. सैबेरियात २६ वर्षे काढल्यावर खरा खुनी त्याच्यासमोर येतो, शेवटी गुन्हा कबूल करतो. पण सुटकेचा हुकूम येतो तेव्हा अक्स्योनोव मरून गेलेला असतो. खून कोणी केला हे प्राव्दा, आणि निरपराध माणसाच्या पदरी काय पडायला हवे होते हेही प्राव्दा. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहिले नाहीत, तर कथेचा काटाच निघून जातो.

मराठीत हे काम 'सत्य' करत नाही, 'खरे' करते. "खऱ्याची दुनिया नाही" असे आपण म्हणतो तेव्हा जगात तथ्ये उरली नाहीत अशी तक्रार नसते. सरळ वागणाऱ्याला न्याय मिळत नाही, अशी असते. हे वाक्य रशियनमध्ये न्यायचे झाल्यास तेथे प्राव्दाच येईल.

प्रतिसाद ३

एक दुरुस्ती. 'सत्य' हा शब्द मराठीत इतका कोरडा नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या नावातील आणि महात्मा फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकाच्या नावातील 'सत्य' हे माणसामाणसांतील न्याय्य वागणुकीपासून वेगळे काढताच येत नाही. रशियातील तरुण नारोदनिक, म्हणजे शेतकरी जनतेवर भिस्त ठेवणारे क्रांतिकारक, १८७४ च्या उन्हाळ्यात खेड्यांकडे निघाले तेही प्राव्देच्या ओढीने. त्यांच्या विचारांचे एक प्रमुख भाष्यकार मिखाइलोव्स्की यांना तर सत्य आणि न्याय एकाच शब्दात नांदतात याचे मोठे अप्रूप होते. याच एकत्र नांदण्यावर तत्त्वज्ञ बेर्द्यायेव यांनी १९०९ मध्ये 'वेखी' या लेखसंग्रहात टीका केली. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच तत्त्वज्ञानाची इस्तिना आणि बुद्धिजीवींची प्राव्दा समोरासमोर उभ्या आहेत, आणि समतेच्या ध्यासापुढे रशियन बुद्धिजीवींनी इस्तिनेची उपेक्षा केली, असा त्यांचा आरोप आहे. हा लेख मराठीत आणायचा झाल्यास दोन्हीकडे 'सत्य' लिहून कसे भागणार?

प्रतिसाद ४

बायबलचे अनुवाद ताडून पाहिल्यास उपयोग होईल. "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे" येथे रशियनमध्ये इस्तिना आहे. "जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले" येथे प्राव्दा. म्हणजे मराठी अनुवादकांनीही तेथे शब्द वेगळे ठेवले आहेत. येशूची चौकशी करणारा रोमन अधिकारी पिलात याचा 'सत्य म्हणजे काय?' हा प्रश्नही इस्तिनेबद्दलचाच, आणि बुल्गाकोव्ह यांच्या 'मास्टर आणि मार्गारिटा' या कादंबरीत त्याला येशूकडून मिळणारे उत्तर असे, की इस्तिना म्हणजे सर्वप्रथम हे, की तुझे डोके दुखते आहे. एवढा भारदस्त शब्द थेट अर्धशिशीवर आणून ठेवण्यात जी गंमत आहे, ती तेथे 'खरे' लिहिल्यास उतरणार नाही. तेथे 'सत्य'च हवे.

गॉर्की यांच्या १९०२ मधील 'तळाशी' या नाटकात लुका हा भटका म्हातारा एका गरीब माणसाची हकिकत सांगतो. त्याला 'प्रावेद्नाया' (प्राव्देने चालणाऱ्या माणसांची) भूमी कुठे आहे हे हवे असते, आणि एक विद्वान नकाशे उलगडून अशी भूमी कुठेच नाही असे दाखवतो. तो माणूस विद्वानाला ठोसा लगावतो आणि घरी जाऊन गळफास घेतो. नकाशातली इस्तिना आणि त्याची प्राव्दा यांची गाठ पडते ती अशी.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. 'देवाला खरे दिसते, पण तो लवकर बोलत नाही' असे शीर्षक आता नक्की केले आहे. अक्स्योनोवच्या मनातल्या वाक्यातही 'खरे'च ठेवते, म्हणजे बायकोच्या "खरे सांगा" या प्रश्नाशी ते आपोआप जोडले जाईल. पहिल्या खर्ड्यात तिच्या तोंडी 'खरे' आणि त्याच्या मनात 'सत्य' असे झाले होते, आणि वाचताना ते खटकत असूनही कारण सापडत नव्हते. आता अडले आहे ते 'प्रावेद्निक' या शब्दावर. सोल्झेनित्सिन यांच्या मात्र्योनाच्या कथेच्या शेवटी, ज्याच्यावाचून गाव उभे राहत नाही असा तो माणूस, या अर्थाने हा शब्द येतो. 'पुण्यवान' म्हटले तर पोथीतला वाटतो, 'सज्जन' फार सौम्य आहे, आणि 'खरा माणूस' म्हटल्यास कोणी खोटा माणूस शोधू लागेल. आपणांपैकी कोणाला काही सुचते का?